काळी पडशील

माझी नात सात वर्षांची आहे आणि तिला मराठी येतं. मोडकंतोडकं, पण येतं. "आजी, मी भूक लागली" असं म्हणते. आई मराठी, बाप अमेरिकेतला काळा माणूस. हे वाक्य आत्ता मी सरळ लिहून टाकलं ना, ते तोंडाने बोलायला मला नऊ वर्षं लागली. लेकीने लग्न ठरवल्याचं कळवलं तेव्हा फोनवर माझा पहिला प्रश्न होता, "किती काळा?" शिक्षण नाही विचारलं, आईवडील काय करतात नाही विचारलं. किती काळा! ती म्हणाली, "आई, तुझ्यापेक्षा थोडासाच," आणि फोन ठेवला.

खरंच होतं ते. आमच्या घरातली काळी मीच. माझा जन्म झाला तेव्हा आजी तिच्या मालवणीत म्हणाली होती, "चेडू झाला, ता पण काळा." मुलगी, आणि वर काळी. हा किस्सा आमच्याकडे हसत हसत सांगायचे, माझ्या लग्नातसुद्धा सांगितला. मीही हसले. आई दर रविवारी डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद लावून मला घासायची, आणि कोपरं तर सोलून काढायची. रंग काही हलला नाही. शेवटी स्थळांना पाठवायच्या कागदावर वडिलांनी "गव्हाळ" लिहिलं. असला काळा गहू कोणी बघितलाय? पुढे माझी लेक बापावर गेली, उजळ निघाली. तरी तिची कोपरं मी घासतच राहिले.

तर गेल्या डिसेंबरात लेक नातीला घेऊन घाटकोपरला माझ्याकडे आली, पंधरा दिवसांसाठी. तिला अंधेरीच्या ऑफिसात काम होतं. सकाळी ती मेट्रोने जायची आणि पोरगी दिवसभर माझ्याकडे. आल्या आल्या तिने सांगितलं, "आई, हे पंधरा दिवस नीट गेले तर जूनच्या सुट्टीत हिला दोन महिने तुझ्याकडेच ठेवते." दोन महिने! हे गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही, दोघंच. मी त्याच दिवशी कपाटातला ह्यांचा खण रिकामा केला, धुऊन पुसून त्यात नवा कागद घातला.

पोरगी गोड आहे, पण तिला घेऊन बाहेर पडलं की चौकशा सुरू. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सगळीकडे एकच सवाल, ही कुठली? एक रिक्षावाला म्हणाला, "मद्रासी है क्या?" मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरगी मला म्हणते, "आजी, शाळेत पण विचारतात, व्हॉट आर यू."

"मग तू काय सांगतेस?"

"सेकंड ग्रेड."

संध्याकाळी मी हे लेकीला सांगितलं तर ती नुसती हसली. म्हणाली, तिथे शाळेच्या फॉर्मवर काळे, गोरे, आशियाई असे चौकोन असतात, तू कोण त्यावर खूण करायची. ती दोन चौकोनांवर करते. "पण बघणारे एकच बघतात, आई." तिथल्या आपल्या मराठी लोकांच्या गणपतीत पोरगी परकर-पोलकं घालून गेली होती. आरती झाल्यावर एका बाईने लेकीला विचारलं, "दत्तक घेतलीत का?" मला असा संताप आला! मेली, प्रसाद हातात घेऊन असलं बोलते? मी त्या बाईला भरपूर शिव्या घातल्या. लेक शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तू काय विचारलं होतंस, आठवतं?" मी भाजी ढवळायला उठले.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. भर बाराला पोरगी खाली खेळायला निघाली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उन्हात जाऊ नको, काळी पडशील."

चप्पल घालता घालता ती म्हणाली, "मी आहेच की ब्लॅक."

"असं बोलू नये!" मी ओरडलेच.

"का? डॅडी म्हणतो बोलायचं. मोठ्याने बोलायचं."

माझ्या घरात हा शब्द म्हणजे शिवी. तिच्या घरात तो आडनावासारखा, अभिमानाने सांगायचा. बरं, पोरगी खोटं कुठे बोलत होती? ती गेली खाली उड्या मारत. मी खिडकीत उभी राहून तिला टोपी घाल म्हणून हाका मारत होते, आणि टोपी कशासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला न्हाऊ घालायचं म्हणून मी डाळीचं पीठ कालवलं. देवाशपथ सांगते, का कालवलं ते मला अजून ठाऊक नाही. अंग मऊ होतं, उन्हाची आग जाते, थंडीत कातडी तडतडत नाही. सगळं खरं आहे. पोरगी खूश, वाटीतलं पीठ चाटायला निघाली. स्वयंपाकघरात पाटावर बसवून मी तिच्या हाताला ते लावत होते, तेवढ्यात समोरच्या वहिनी डोकावल्या. बाई मनाने चांगली, पण इंग्रजी बोलायची हौस दांडगी. म्हणाल्या, "अरे वा! बेटा, धिस विल मेक यू फेअर!"

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बापाचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही पोहे खात होतो, लेक ऑफिसला निघायच्या घाईत. पोरगी फोनवर बापाला इंग्रजीत सांगायला लागली, "डॅडी, आजी मला काहीतरी लावून फेअर करते. मी अनफेअर आहे का? मी सापशिडीत एकदापण चीटिंग नाही केली."

पलीकडून जावयाने लेकीला बोलावलं. लेकीने फोन उचलला, आत गेली, दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

"आई, काय लावलंस तिला?"

"डाळीचं पीठ. तुला नव्हते का लावत?"

"लावायचीस ना. म्हणूनच विचारते."

"अगं, ते वहिनी बोलल्या. मी नाही."

"मग तू काय बोललीस?"

"मी कुठे काय बोलले!"

"तेच तर," ती म्हणाली. पोरीला बूट घातले आणि तिला सोबत ऑफिसला घेऊन निघाली. दारातून म्हणाली, "जूनचं बघू." बघू म्हणजे नाही, हे मला कळत नाही? मीच शिकवलंय तिला ते.

दिवसभर घर खायला उठलं. मी वहिनींवर चिडले, लेकीवर चिडले, तिच्या त्या अमेरिकेवर चिडले. तिथे एवढे चौकोन काढून ठेवलेत आणि मी मेलीने साधं पीठ लावलं तर माझ्यावरच खापर! मग संध्याकाळी, त्या दोघी यायच्या आधी, जावयाचा फोन आला. थेट मला. मला "आई" म्हणतो, त्याच्या तोंडात ते "आयी" होतं. माझं इंग्रजी नोकरीत असतानाच्या फायलींपुरतं, म्हणून तो हळू बोलला. त्याची आजी त्याच्या आईला लिंबू चोळायची म्हणे. चेहऱ्याला, हातांना, दर शनिवारी.

"तिकडेपण?" मी विचारलं.

"तिकडेपण. आईने मला नाही चोळलं. तिला लिंबाचा वासच नकोसा झाला होता."

फोन ठेवला आणि मला काही सुधरेना. एवढा मोठा समुद्र मध्ये, एकमेकींचं तोंड कधी बघितलं नाही, आणि दोन्हीकडच्या बाया पोरींना घासत बसल्या होत्या. माझ्या आईचं माझ्यावर प्रेम नव्हतं का? होतं. खूप होतं. मग ती काय पुसून काढत होती? मला रडू आलं, आणि कोणासाठी आलं तेही नीट कळलं नाही.

शनिवारी लेकीला सुट्टी होती. मी पोरीला जवळ बोलावलं. लेक दाराला टेकून ऐकत उभी राहिली.

"वहिनी चुकल्या," मी म्हटलं. "आणि मीपण चुकले. ते पीठ अंग मऊ व्हायला लावतात. बस."

"मग फेअर काय?"

"इथे फेअर म्हणजे गोरं."

"व्हाइट?"

"नाही गं, व्हाइट नाही. आपल्यातलंच गोरं." बोलले खरी, पण याचा अर्थ मला कोणी विचारला असता तर सांगता आला नसता.

पोरगी विचारात पडली. "तुला माहीत होतं ते चूक आहे? तरी मान हलवली?"

"हो."

"ती चीटिंग आहे, आजी. म्हणजे तू अनफेअर."

ती उठली, फ्रिजमधली वाटी घेऊन आली. उरलेलं पीठ मी टाकलं नव्हतं. तिने माझी बाही वर सरकवली आणि माझ्या हाताला ते चोळायला लागली, जीभ दातांत धरून, मन लावून. साय गार लागत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने लावलं होतं, त्यानंतर कोणी मला असं लावलं नव्हतं. लेकीकडे बघायची माझी हिंमत होईना.

"झालीस का फेअर?" पोरीने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "अजून नाही."

दारातून लेक म्हणाली, "कोपर राहिलंय तिचं. नीट घास."