शिवीबंदीची पहिली माफी

आमच्या ग्रामपंचायतीनं शिवीबंदीचा ठराव केला, तेव्हा घोषणा लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी गावच्या शाळेत शिकवते. आईबहिणीवरून जो शिवी देईल त्यानं ग्रामसभेत माईकवर माफी मागायची, असा नियम. 'तोंडात साखर, गावाचा आदर' ही ओळ माझी. नारायणगावहून फ्लेक्स छापून आले, पोरांची प्रभातफेरी निघाली, सरपंचांनी माझा सत्कार केला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आज सांगतानाही लाज वाटते.

महिनाही झाला नसेल. टोमॅटोचा तोडा चालू होता. सकाळी मजूर बाया चौकात गाडीची वाट बघत बसतात. माझ्या घरामागे राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या मावशीही त्यांच्यात होत्या. मी शाळेत निघाले होते. ज्याच्या रानात बाया जायच्या होत्या तो बागायतदार स्वतःच पिकअप घेऊन आला आणि मागे न बघता त्यानं गाडी रिव्हर्स घेतली. मावशींनी पाय ओढून घेतला म्हणून वाचला. शेजारी ठेवलेलं भाकरीचं फडकं मात्र चाकाखाली गेलं.

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए म्हातारे, रस्त्यात काय पसरलीस?" म्हणाला आणि हसला.

मावशींनी त्याच्या आईवरून एक शिवी हासडली. कुणीतरी मोबाईलवर तेवढीच टिपली.

ग्रामसभेत पहिलं नाव त्यांचंच पुकारलं. तोवर गाव काही गप्प बसलं नव्हतं. पारावर, दूध डेअरीवर शिव्यांचा रतीब रोजचाच होता, पण त्या देणाऱ्यांना माईकपाशी बोलवायची कुणाची हिंमत नव्हती. मी उभी राहिले. गाडीचं, भाकरीचं, हसण्याचं, सगळं सांगितलं. सरपंचांनी हात जोडले. बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे, पण बागायतदारांनी शिवी दिलेली नाही, असं म्हणून त्यांनी मला खाली बसवलं. इतक्या गोड शब्दांत माझं तोंड आजवर कुणी बंद केलं नव्हतं.

मावशी माईकपाशी गेल्या. "शिवी दिली म्या, न्हाई म्हनत न्हाई. चुकलं. पर माझा पाय चेंगारला आसता तर ह्यांनी माफी मागितली आसती का, तेबी कुनीतरी इचारा."

सरपंचांनी पुढचा विषय घेतला. पदर सावरून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तोड्याला गेल्या नाहीत. टोळीतल्या बाकीच्या बायाही गेल्या नाहीत; अंग दुखतंय म्हणाल्या. दोन दिवसांत माल झाडावरच लालभडक झाला आणि बागायतदार मावशींच्या दारात येऊन उभा राहिला. मी माझ्या मागच्या दारातून ऐकत होते. "मावशी, राग सोडा, चला," इतका मऊ आवाज त्याला होता हे मला माहीत नव्हतं. मावशी म्हणाल्या, "आदी भाकरीचं बोला." चुकलं माझं, असं तो पुटपुटला. मग मावशी गेल्या, कारण घरी बसून त्यांचं भागणारं नव्हतं.

आता गावात सांगतात, बघा, मोहिमेचा परिणाम. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. त्याला वाकवलं ते पिकून गळायला आलेल्या टोमॅटोनं आणि घरी बसलेल्या बायांनी. माझ्या ओळीनं त्याची मान सूतभरही हलली नव्हती.

यंदा ग्रामसेवक नव्या घोषणा मागायला आले. मी म्हटलं, वयानं मोठ्या माणसाला 'ए' म्हणणाऱ्यालाही माफी मागायला लावा, मग लिहिते. ते म्हणाले, 'ए' ही शिवी नाही, ठरावात बसत नाही. मी कागद कोराच परत दिला.

पण त्यांच्यावर चिडले तशी स्वतःवरही चिडले. इतकी वर्षं कुंपणावरून मीही 'ए मावशे' अशीच हाक मारत आले होते. त्याच संध्याकाळी पहिल्यांदा "अहो मावशी" म्हटलं, तर हातातली बादली ठेवून त्या घाईघाईनं कुंपणाशी आल्या.

"काय झालं बाई?" त्यांनी विचारलं. "कुनी काय म्हनलं का माझ्यावरनं?"