शेजारच्या काकूंची सुमन

जगात कुठंही लष्करानं राज्य हाती घेतलं, तर तिथल्या बायकांचं पुढं काय झालं हे आमच्या शेजारच्या काकूंना विचारावं. त्या सोलापूरच्या बाहेर फारशा गेल्या नाहीत म्हणून काय झालं?

टीव्हीवर एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. सैनिकांनी नवऱ्याला उचलून नेलंय आणि बायको वाट बघतेय. तिचं नाव काकूंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी तिला सुमन करून टाकलं. रोज दुपारी कडक भाकऱ्या थापता थापता त्या कालचा भाग सांगत आणि गल्लीतल्या बायका भोवती बसून ऐकत. त्यात माझी सख्खी आईसुद्धा! माझा जळफळाट व्हायचा तो तिच्यामुळं. बाबा गेल्यापासून ती घरात धड बोलत नसे. मी शाळेतून येऊन काही सांगू लागले की जांभया देई, आणि तिथं मात्र डोळे एवढे मोठे!

एकदा काय, तर सुमनच्या घराची झडती आली. तिनं नवऱ्याचा फोटो कडक भाकऱ्यांच्या चवडीत दडवला. "शिपायानं वरचीच भाकरी चावली की गं! दातच पडला मेल्याचा!" काकूंनी सांगितलं. बायका हसून लोळल्या. सुमनचा नवरा सुटावा म्हणून त्यांनी अक्कलकोटच्या स्वामींना नारळसुद्धा कबूल केला, आता बोला!

मला राहवेना. काकूंना खोटं पाडायचंच म्हणून मी ती मालिका बघितली. त्यातली सुमन नुसती खिडकीशी उभी. ओठ रंगवलेले, केस जागच्या जागी, डोळ्यांत पाणी. मी धावत जाऊन आईला म्हटलं, "अगं, भाकरी-बिकरी काही नाही त्यात!"

"मग ती खाती काय?" आई म्हणाली.

पुढं काकू मुलाकडं अकलूजला राहायला गेल्या. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. शेवटचा भाग मी मन लावून पाहिला आणि आईला जसाच्या तसा सांगितला. नवरा मेल्याचं कळतं, सुमन कोसळते, संपलं.

"ही सुमन न्हाय," आई म्हणाली. "काकूला फोन लाव."

"रडली की," पलीकडून काकू सांगू लागल्या, "लई रडली. मग उठली, तोंड धुतलं, पीठ मळाय बसली. दारात तिच्यासारख्याच बाया आल्या हुत्या, नवरे नेलेल्या. त्यास्नी जेवाय घालायचं हुतं."

आईनं पदरानं डोळे पुसले. दोघींच्या मध्ये फोन धरून माझा हात अवघडला होता, पण माझ्याकडं बघतंय कोण!

"जरा जवळ धर की," एवढंच ती मला म्हणाली.

मी धरला. पुढं काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.