कड जुळली

माझ्या मामाचं नाव निघालं की लोक त्याचं कौतुक सुरू करतात. मी त्याची भाची. मला ते सगळं पाठ आहे, म्हणून मी आधीच सांगून टाकते: त्याने एक चूक केली, ती अकरा वर्षं पोटात ठेवली, आणि निस्तरावी लागली माझ्या आईला. बाकी माणूस लाखात एक. तेही खोटं नाही.

लहानपणी तो कोळशाने फरशीवर रेघा ओढायचा, म्हणून आईने त्याला रेघ्या नाव ठेवलं. आई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. पुढे तो नकाशा कचेरीत आरेखक झाला, चौतीस वर्षं रेघाच ओढल्या, केस पिकले, तरी आईच्या तोंडी रेघ्याच.

सुट्टीत मी त्याच्या कचेरीत गेले आहे. लांबलचक खोली, उतरत्या टेबलांच्या दोन रांगा, काचेखाली दिवे. मनगटाखाली टिपकागद, घाम लागू नये म्हणून. शाईची रेघ ओढताना मामा श्वास धरायचा आणि मीही त्याच्याबरोबर धरायचे. एका नकाशाला, त्यांच्या भाषेत एका शीटला, वर्ष दीड वर्ष सहज जायचं. जुनं शीट समोर ठेवायचं, विमानातून काढलेले फोटो बघायचे, गावोगाव फिरून आलेल्यांच्या वह्या वाचायच्या. जे अजून आहे ते ठेवायचं, जे गेलं ते गाळायचं, नवं आलं ते घालायचं.

एकदा आमच्याच भागाचं शीट त्याच्या वाट्याला आलं. भागाच्या मधोमध टेकडी. टेकडीच्या अलीकडे आमची वस्ती, म्हणजे आईचं सासर. पलीकडे मामाचं गाव, आईचं माहेर. टेकडीवरून पायवाट होती, चालायला तास लागायचा. सडकेने जायचं तर सव्वीस किलोमीटर आणि दोन बस. आईला बस लागते. दहा मिनिटांत तोंड पांढरंफटक पडतं, पिशवी हातात धरूनच बसावं लागतं. त्यामुळे आई माहेरी जायची ती टेकडीवरूनच, आणि मामा शाळेत असताना दर शनिवारी बहिणीकडे यायचा तोही तिथूनच.

नवीन शीट छापून आलं तेव्हा मामाने ते आणि शेजारचं शीट कडेला कड लावून चिकटवलं, काच घातली आणि आईला आणून दिलं. दोन शीटं अशासाठी, की त्यांची हद्द नेमकी टेकडीच्या माथ्यावरून जाते. एकावर मामाचं गाव, दुसऱ्यावर आम्ही. मी शिवणकाम करते. माझं मशीन पुढच्या खोलीत असतं आणि ती चौकट त्याच्याच वर लागली. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला आईने ऐकवलंय, "हे माझ्या भावाने काढलंय." त्या बाया माना डोलवायच्या आणि गळा किती खोल ठेवायचा ते मला सांगायच्या.

मामा निवृत्त झाला आणि शहरातली खोली सोडून गावच्या घरी राहायला आला. मामी आधीच गेली होती, मूलबाळ नाही. आईला काय आनंद झाला. भाऊ आता एका तासावर. दर मंगळवारी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी परत. एकसष्ट वर्षांची होती, पण टेकडी चढताना मला मागे टाकायची.

हे वर्षभर चाललं. मग टेकडीच्या आमच्या अंगाला दगडाची खाण निघाली आणि खाणवाल्याने तारेचं कुंपण घातलं. आई जमीन कचेरीत गेली. तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी शीट काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "आजी, इथे वाटच नाही. नकाशात दाखवा, उद्या कुंपण काढायला लावतो. जुना नकाशा असला तरी चालेल."

जुना नकाशा कुणाकडे असणार? आईने मामाला निरोप धाडला. जुन्या शीटांच्या प्रती त्याच्याकडे ट्रंक भरून होत्या. तो म्हणाला, "शोधतो, ताई."

तो "शोधतो" अकरा वर्षं पुरला.

आता कौतुकाचा भाग. निवृत्तीनंतर मामाला नाद लागला तो जुनी शीटं घेऊन रानोमाळ हिंडायचा. शंभर वर्षांपूर्वीचं शीट मांडायचं, भिंगातून बघायचं, आणि जे आज कुणाला ठाऊक नाही ते जागेवर जाऊन हुडकायचं. शाळामास्तर यायचे, कॉलेजची पोरंपोरी यायची. मीही एकदा गेले. बाभळीच्या गचपणापाशी थांबून तो म्हणाला, "इथे चुन्याची भट्टी असणार." आम्ही हसलो. त्याने काठीने पाचोळा बाजूला केला तर खाली गोलाकार दगड, आतून जळून काळे पडलेले. पुढे ओढ्याला उतार दाखवला, जिथून पूर्वी गाड्या जायच्या. मग एक उजाड माळ. "इथे नऊ घरं होती," तो म्हणाला, "आणि ही विहीर." विहीर बुजली होती, पण काठाचा दगड दोरांनी घासून खाचा पडलेला तसाच होता. एक मुलगी त्या खाचेत बोट घालून कितीतरी वेळ बसून राहिली. लोकांची हरवलेली गावं हा माणूस शोधून देत होता, आणि बहिणीची वाट काही याला सापडत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"टेकडीचं शीट कधी दाखवणार?" मास्तरांनी विचारलं की तो म्हणायचा, "त्याला वाळवी लागली." आम्हाला म्हणायचा, "कुठेतरी आहे, सापडेल." मी आईला म्हटलं, "मी जाते कचेरीत, अर्ज करते, जुन्या शीटाची प्रत मिळेल." आई म्हणाली, "तो आणतो म्हणालाय ना? मग थांब." मी दोनतीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी तिने असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. तो काढायला हवा होता, हे आता वाटतं. आता वाटून काय उपयोग.

मामा महिन्याकाठी बसने यायचा. तासभर बसायचा, त्यात निम्मा वेळ घड्याळाकडे बघायचा, कारण परतीची बस चुकली की पंचाईत. आणि खुर्ची नेहमी अशी घ्यायचा की चौकटीकडे पाठ होईल. मला वाटायचं, उन्हाची तिरीप टाळतो. आई वर्षाकाठी एकदा पिशवी हातात धरून दोन बस करून जायची, दोन दिवस आजारी पडायची. मग तेही बंद झालं.

दोन वर्षांपूर्वी मामाला ताप आला म्हणून मी चार दिवस राहायला गेले. पांघरूण हवं होतं, ट्रंक उघडली. शीटं आकड्यांच्या क्रमाने लावलेली, प्रत्येकाला वेगळा कागद गुंडाळलेला. टेकडीचं शीट आपल्या जागेवर होतं. वाळवी सोडा, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी ते खाटेवर पसरलं. मामाच्या गावापासून लाल तुटक रेघ निघाली होती, वळणं घेत माथ्यावर, थेट कडेपर्यंत. शेजारचं शीट काढून लावलं. तिथून ती खाली उतरून आमच्या वस्तीत आली होती.

मामा जागा होता. मी म्हटलं, "हे काय आहे?"

"वाट," तो म्हणाला.

"सापडली म्हणायची."

तो उठून बसला. मग त्याने सांगितलं. रेघ शीटाच्या कडेपर्यंत गेली तर पलीकडच्या शीटाने ती तिथूनच उचलायला हवी, असा त्यांचा नियम. पलीकडचं शीट दुसऱ्या एका आरेखकाकडे होतं, त्याला सगळे चष्मेवाला म्हणायचे, मागच्याच टेबलावर. त्याला विचारून मग शाई भरू, म्हणून मामाने वाट पेन्सिलीत ठेवली. चष्मेवाल्यानेही मामाला विचारू म्हणून पेन्सिलीतच ठेवली. बाकी शाई भरून झाल्यावर दोघांनी आपापलं शीट रबराने साफ केलं. मग शेवटच्या दिवशी दोन्ही कडा एकमेकींना लावून बघायच्या असतात. सडक सडकेला मिळाली, ओढा ओढ्याला मिळाला. वाट इकडेही नव्हती आणि तिकडेही नव्हती, म्हणजे चूक दिसायला जागाच नव्हती. दोघांनी चहा पितापिता वहीत लिहिलं, कड जुळली, आणि सह्या केल्या.

"पण तू त्या वाटेने शेकडो वेळा गेलास, मामा."

"म्हणूनच," तो म्हणाला. "पायाखालची वाट. ती राहील असं मनातसुद्धा आलं नाही. साहेबांनी ताईला नाही म्हटलं तेव्हा मी शीट पाहिलं, तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच द्यायचंस."

"जुनं शीट दिलं की ते विचारणार, नव्यात का नाही? खाली माझी सही आहे. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तोंडच उरलं नाही."

मी त्याला खूप बोलले. आजारी माणसाला बोलू नये इतकं बोलले. म्हटलं, कुंपण खाणवाल्याने नाही घातलं, तू घातलंस. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. ताप उतरल्यावर दोन्ही शीटं गुंडाळून तो स्वतः जमीन कचेरीत गेला, आणि चूक माझी आहे असं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी, हे नवे होते, वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाले, "बरं." एवढंच. त्याच्या सहीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

पाहणी, नोटीस, खाणवाल्याची हरकत, यात चौदा महिने गेले. बाराव्या महिन्यात आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात वॉकर धरून चालल्या तरी खूप झालं. वाट मोकळी झाली त्या दिवशी आई पुढच्या खोलीत खाटेवर होती.

पहिल्या दिवशी मामा वाटेने आला. सत्तरीला टेकलेला माणूस, धापा टाकत, चपलेला लाल माती. आई म्हणाली, "किती वेळ लागला?"

"दीड तास."

"मला तास लागायचा. डबा घेऊन."

मामा हसला नाही. खाटेशी खाली बसला. म्हणाला, "ताई, तुला एक सांगायचंय. नकाशात वाट नव्हती ना, ती—"

"ती तू काढलीच नव्हतीस," आई म्हणाली. "ठाऊक आहे. तू चौकट आणलीस त्याच रात्री मी माझ्या घरावर बोट ठेवलं आणि तुझ्या घराकडे निघाले. माथ्यावर काहीच नव्हतं."

माझ्या हातातलं काम थांबलं. म्हणजे कुंपणाच्या कितीतरी आधी. आणि तरी आल्यागेल्याला, हे माझ्या भावाने काढलंय.

"मग बोलली का नाहीस?" मामाने विचारलं.

"तुला आयुष्यात एकच गोष्ट येते, रेघ ओढणं. तीच चुकली म्हणून कसं सांगू? तू आपणहून येशील म्हटलं." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिला अर्ज करायचा होता. मीच अडवलं. भावाची चूक भावानेच दाखवलेली बरी."

अकरा वर्षं हा सांगायला घाबरला आणि ही ऐकायला थांबली. कड इथेही जुळली होती.

मामाने चौकट उतरवली, मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली. माझ्याकडे लाल पेन मागितलं. मी मापाच्या वहीतलं दिलं. खुर्चीवर नकाशा ठेवून त्याने श्वास धरला आणि पेन टेकवलं. रेघ वाकडी आली, दोन ठिकाणी शाई पसरली, माथ्यावर सांध्याचा कागद टरकला. कचेरीत असतं तर त्यानेच ते फेकून दिलं असतं.

आईने नकाशा पोटावर घेतला. आमच्या घरावर बोट ठेवलं आणि हळूहळू चढू लागली. सांध्यापाशी थांबली. "इथे बसायचे मी. पाणी प्यायचे," ती म्हणाली. मग उतरून त्याच्या घरापाशी पोचली आणि बोट तिथेच ठेवलं.

"फार उशीर केलास रे," ती म्हणाली.

"हो, ताई," मामा म्हणाला.