दरवाजे

गाडीच्या रंगाखालच्या प्रायमरचा वास आला की आखातातल्या आमच्या मदिनत खलीफा वस्तीतलं अंगण आठवतं. कंपनीने बाबांना काढलं होतं, महिनाअखेर देश सोडायचा होता आणि त्यांची जुनी मर्सिडीज अर्धीच दुरुस्त झालेली. आई म्हणाली, "सुटे भाग विका, पटकन जातील." बाबांना अख्खीच विकायची होती, "कुणीतरी पुरी करेल." मी म्हणालो, "जाहिरातीत लिहा, कंपनीने हाकललं म्हणून विकतोय!" "पत्रक नाही काढायचं, गाडी विकायचीय," बाबा म्हणाले. गाडी गाडीसारखी दिसावी म्हणून गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी त्यांनी सकाळीच काढलेले दरवाजे परत बसवले. गिऱ्हाईक म्हणालं, "भाईसाब, सिर्फ दरवाजे चाहिए." "खलास, तय हुआ, ले जाओ," म्हणत बाबांनी स्वतःच पाना उचलला. नोकरीवरून काढलेल्यांसाठी आज मी लेखांतून पानपानभर संतापतो. त्या दिवशी मात्र खाली पडलेले नट वेचून डब्यात टाकत होतो.