रिमला तेल कोण लावतं

कारखान्यात माझं कामच संशय घ्यायचं होतं. बंगलोरला यशवंतपूरच्या एका लहान युनिटमध्ये मी इन्स्पेक्टर होतो. लेथवरून उतरलेला प्रत्येक पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचं आणि हा खराबच असणार असं धरून तपासायचा. आठ तास हेच केल्यावर माणूस घरी येऊन निराळा कसा होणार? बायको म्हणायची, तुम्ही टोमॅटोलाही गेज लावाल. लावलं असतं, खिशात मावलं असतं तर.

तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. माझी काळी, सळ्यांच्या ब्रेकची सायकल होती. घरापासून रेल्वे फाटकापर्यंत सरळ उतार. एका नोव्हेंबरात त्या उतारावर ब्रेक दाबला की सायकल अशी किंचाळायला लागली की फाटकाशी थांबलेली माणसं वळून बघत. किंचाळून निदान थांबावं, तर तेही धड नाही.

कोपऱ्यावरचा सायकलवाला बेळगावकडचा. मराठी बोलायचा, पण कानडी चालीवर. त्यानं ब्रेकचे रबर काढले, काचपेपरवर घासले, रिम रॉकेलनं पुसली. सायकल गप्प झाली. चार दिवसांनी पुन्हा बोंब. परत गेलो. त्यानं रिमवरून बोट फिरवलं आणि बोट मलाच दाखवलं.

"तेल हाय की, अण्णा. रिमला तेल लावतंय कोण?"

"तूच लावलं असशील. इथं सगळं तेलकटच आहे."

"मी कशाला लावू? स्वल्प थांबा, परत पुसून देतो."

त्यानं पुसून दिलं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली होती. घरी येऊन आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून बंगलोरला आणलं होतं. त्यांनी तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेलं, तेही खाडीच्या चढउतारांवर. म्हणजे सायकलीतला शेवटचा शब्द त्यांचा.

"त्याचंच काम," आबा म्हणाले. "पंक्चर एक असलं तर दोन दाखवतात हे लोक. तू पुन्हा यावंस म्हणून करतो तो. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव."

मला एवढंच हवं होतं. पुढच्या खेपेला ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही. सायकल उतारावरून थेट फाटकाजवळच्या फुलवालीच्या शेवंतीत. तिच्या शिव्या मला कळल्या नाहीत, पण अर्थ पोचला. कोपर फुटलेलं, अंगाला पाकळ्या चिकटलेल्या, तसाच मी सायकलवाल्याकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला लबाड म्हणालो, चोर म्हणालो. आणखीही काही म्हणालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले.

"तुम्ही दुसरीकडं बघा, अण्णा. तुमचं काम मला नको."

चोराला खरं झोंबलं, असं मी त्या वेळी मानलं. दुसरीकडून ब्रेक करून घेतले. आठवड्यात पुन्हा तेल.

आता संशय घरमालकावर गेला. सायकल व्हरांड्यात ठेवू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. शिवाय डिसेंबर लागला आणि एका गार सकाळी मला पुरावाच मिळाला. दोन्ही रिमांवर पांढरट साय धरलेली. नखानं खरवडून वास घेतला. खोबरेल! सायकलवाल्याचं मशिनचं तेल थंडीनं असं थिजत नाही. मालकांचं डोकं मात्र रोज खोबरेलानं चमकत असे.

बायकोला हे पटवून सांगत होतो, तर ती म्हणाली, "आपलीही खोबरेलाची बाटली हल्ली पंधरा दिवसांत संपतेय."

शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. मी मात्र असं ठरवलं, की मालक आमचंच तेल चोरून आमच्याच सायकलीला लावतो. केवढा हलकट! त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठलो आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला.

व्हरांड्यात आबा बसले होते. डोक्याला मफलर, हातात माझ्या जुन्या बनियनचं फडकं, गुडघ्याशी आमची बाटली. एका हातानं चाक हळूहळू फिरवत दुसऱ्या हातानं ते रिम पुसत होते. एक जागा सुटू देत नव्हते.

पहिल्यांदा मला राग आला. महिनाभर मला सायकलवाल्यावर सोडत होते आणि स्वतः हे धंदे! दार उघडून जाब विचारणार, तेवढ्यात ते चाकाशी पुटपुटले, "पाऊस तोंडावर आलाय. गंज धरेल नाहीतर."

डिसेंबरात.

आमच्या गावी खारं वारं लोखंड खातं. पावसाआधी आबा सायकलीला असंच खोबरेल चोपडून पडवीत उभी करायचे. पण पुन्हा रस्त्यावर काढताना रिम आधी रॉकेलनं, मग साबणाच्या पाण्यानं पुसायची आणि कोरडी करायची, हा त्यांचा कडक नियम. आठ-नऊ वर्षांचा असताना मी एकदा न पुसता सायकल काढली, तर आबांनी मला थोबाडीत मारली होती. "तेलाच्या रिमनं उतारावर मरशील," म्हणाले होते. त्यांनी मला आयुष्यात तेवढंच एकदा मारलं. आता त्याच माणसाला तेल आठवत होतं, पुसणं आठवत नव्हतं. आणि आपण कुठे आहोत, तेही.

मी दार उघडलं नाही. महिनाभर एक माणूस शोधत होतो भांडायला, आणि आता भांडायला कुणीच नव्हतं.

संध्याकाळी सायकलवाल्याकडे गेलो. तिथंही गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच माफी मागितली आणि खरं काय ते सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"वडलांचं वय किती?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "रागावू नका त्यांना. रोज पुसून काढा, काय बिघडतंय?"

दुसऱ्या सकाळी रिमांवर साय होतीच. रॉकेलचं फडकं घेऊन व्हरांड्यात बसलो. आबा चहा घेऊन बाहेर आले आणि माझ्या शेजारी टेकले.

"हे काय, तेल?" ते वाकून म्हणाले. "परत? कोणी लावलं रे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. कारखान्यात पार्ट फिरवून बघतो, तसं त्यांचं तोंड निरखलं. लपवाछपवी शोधली. ती सापडावी असं फार वाटत होतं. खोटं बोलत असते तर मी सुटलो असतो. पण आबांना खरोखर माहीत नव्हतं. आणि त्यांच्या नखांत तेल थिजलेलं होतं.

"सायकलवाल्यानं," मी म्हणालो.

"सांगत नव्हतो मी!" आबांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी त्यांचं काही बरोबर निघालं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा.

"तू बिनघोर कामावर जात जा. उद्यापासून पहाटे उठून मी इथं राखणीला बसतो. बघू कोण हात लावतो ते."

"बसा, आबा," मी म्हणालो.