साडूभाऊंची ट्रॉली

चौदा वर्षं बहरीनमध्ये राहूनही आपण नेमके कोणत्या दुकानात उभे आहोत हे ज्याला एकदाही ठामपणे सांगता आलं नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे हे यजमान. मूळचे अकोल्याचे. एसी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा सबंध रिफा शहरात कोणी नव्हता. बंद पडलेल्या मशीनला नुसता कान लावून ते आत काय बिघडलंय ते सांगत. पण याच माणसाला दुकानातल्या तेलाच्या डब्यांमागून बाहेर पडायचा रस्ता सापडत नसे. मला व्हिसा मिळवून दिला तोही त्यांनीच, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल नेमकी कशाची तक्रार करावी हे मला कधी कळलंही नाही.

ती नव्वदीच्या दशकातली गोष्ट. त्या काळात तिकडे स्वस्तातल्या मालाची मोठमोठी सुपरमार्केटं एकामागून एक उघडत होती. एक रिफात, एक मनामात, एक आमच्या उम्म अल हस्सममध्ये, घरापासून चालत पाच मिनिटांवर. साडूभाऊंना ही तिन्ही सारखीच प्रिय होती आणि तिन्ही त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेली होती. रिफाच्या दुकानात तांदूळ डावीकडे शेवटच्या रांगेत, म्हणून ते मनामाच्या दुकानात डावीकडे शेवटच्या रांगेत जात. तिथे बुटांचं पॉलिश असे. मग ते मॅनेजरला गाठून, तुम्ही दर आठवड्याला सामान का हलवता, असं अगदी कळवळून विचारत. तो मल्याळी मॅनेजर सुरुवातीला समजावून सांगायचा. पुढे पुढे तो नुसतं 'सॉरी भाईसाब' म्हणून त्यांना हाताला धरून तांदळापर्यंत पोचवायचा. आपण त्याला सुधारलं असा साडूभाऊंचा समज होता.

ते राहायचे रिफात, कंपनीच्या खोलीत, तिघा सहकाऱ्यांबरोबर. ताई आणि दोन्ही मुलं अकोल्याला. म्हणजे एकट्या माणसाला लागतं ते किती? पण दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की त्यांची जुनी पांढरी गाडी आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहायची आणि हॉर्न न वाजवता ते वर यायचे. खिशात ऑफरचा रंगीत कागद. तो अरबी बाजूने उघडायचा की इंग्रजी बाजूने, यात त्यांचा नेहमी घोळ व्हायचा, त्यामुळे संपलेल्या ऑफरी त्यांना चालू वाटत आणि पुढच्या आठवड्यातल्या ऑफरी चुकल्याची हळहळ ते आजच करून घेत. मग मला सोबत घेऊन ते निघत. आणलेलं बहुतेक सगळं सामान आमच्याच स्वयंपाकघरात येऊन पडायचं. आमच्याकडे कपडे धुण्याची पावडर इतकी साठली होती की माझी मुलगी त्या खोक्यांवर बसून अभ्यास करायची. टोमॅटोच्या गराचे डबे होते, कुठल्याशा देशातले काटे काढलेले मासे होते, आणि एक चिकट तपकिरी पदार्थ होता, जो खायचा की लावायचा हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. पैसे देऊ केले की ते ऐकू न आल्यासारखं करत. मी एकदा धीर करून म्हटलं, भाऊ, हे आपल्याला हवं आहे का ते आधी बघू. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पाह्य बाप्पा, वस्तू पाह्यजे का नाही हे घरी जाऊन ठरवता येते. ऑफर काही घरी येत नाही." यात कुठेतरी चूक आहे हे मला जाणवत होतं, पण ती कुठे आहे हे मला अजूनही सांगता येणार नाही.

बुद्धपौर्णिमेला आम्हा मराठी मंडळींचा एक छोटासा कार्यक्रम मनामात कोणाच्या तरी फ्लॅटवर व्हायचा. वंदना, एखादं भाषण आणि मग खीर. एका वर्षी खिरीच्या दुधाची जबाबदारी साडूभाऊंनी आपणहून घेतली, कारण दूध ऑफरमध्ये होतं. दहा बाटल्या आल्या. पातेल्यात शेवया, साखर, बदाम सगळं तयार होतं, बाटल्या ओतल्या आणि पाच मिनिटांत पातेल्यात एक वेगळंच काहीतरी दिसू लागलं. ते दूध नव्हतं, लबन होतं, म्हणजे अरबांचं ताक. इतकी वर्षं बहरीनमध्ये राहिलेल्या माणसाने ताकाला दूध म्हणून उचललं कसं, असं सगळे विचारू लागले. साडूभाऊ बाटली हातात घेऊन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गाय तं तीच आहे." जेवताना रत्नागिरीचे एक शेजारी, ज्यांना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं, ते हळूच मला म्हणाले की रायतं छान झालंय. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

माझी बायको मात्र त्यांच्यावर रागवायची नाही. एकदा मी फारच कुरकुर केली तेव्हा ती भांडी पुसता पुसता म्हणाली, बाजार करून घरी येण्याची हौस असते एखाद्याला. आता त्यांचं घर अकोल्याला, तर त्यांनी पिशव्या घेऊन जावं कुठे? तेवढ्यापुरतं मला काहीतरी कळल्यासारखं वाटलं होतं. पण पुढच्या गुरुवारी ते आंघोळीच्या टोप्यांची सहा पाकिटं घेऊन आले आणि कळलेलं सगळं पुन्हा विस्कटलं.

त्यांच्या चौदाव्या वर्षी मे महिन्यात ते सुट्टीवर जायचे होते. दोन महिन्यांची सुट्टी, शनिवारचं विमान. गुरुवारी दुपारी कंपनीकडून पासपोर्ट आणि तिकीट घेऊन ते थेट आमच्याकडे आले. एरवी पासपोर्ट कंपनीच्याच ताब्यात असायचे, त्यामुळे तो खाकी लिफाफा हातात आला की आम्हा सगळ्यांनाच दोन इंच उंची वाढल्यासारखं वाटायचं. साडूभाऊ मात्र त्या दिवशी जरा सुस्त दिसत होते. मी म्हटलं, आज आराम करा, बाजार राहू द्या. पण आमच्या जवळच्या दुकानात अर्ध्या किमतीचा सेल होता. लिफाफा त्यांनी कापडी पिशवीत टाकला, पिशवी ट्रॉलीत लहान मुलांना बसवायच्या जागेवर ठेवली, आणि आम्ही त्या गर्दीत शिरलो.

गर्दी अशी होती की अर्धं बहरीन तिथे लोटलं असावं. साडूभाऊ एकदा तेलाकडे गेले, एकदा साबणाकडे, मग मला शोधायला गेले आणि मी त्यांना शोधायला गेलो. शेवटी काउंटरजवळ आमची गाठ पडली. ते ट्रॉली ढकलत समाधानाने येत होते. मी आत पाहिलं तर दूध पावडरचे मोठे डबे, लहान बाळाच्या लंगोटांचे गठ्ठे, गुलाबपाणी, वेलची आणि वाळलेली काळी लिंबं. कापडी पिशवी कुठेच नव्हती.

"भाऊ, ही ट्रॉली आपली नाही," मी म्हटलं.

त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपण रिफाच्या दुकानात आहोत की काय अशा नजरेने भिंतींकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उतरला. परवा विमान आणि पासपोर्ट नाही. मी म्हटलं, चला, तेलापाशी बघू. तर ते जागचे हलेनात. ती ट्रॉली सोडून यायला ते तयार नव्हते. ज्यांची ही ट्रॉली त्यांच्या घरी बाळंतीण आहे, असं त्यांचं म्हणणं, आपण इकडे तिकडे गेलो आणि यांचं सामान कोणी नेलं तर लेकराच्या दुधाचं काय? मी एकटाच सगळ्या रांगा पालथ्या घालून आलो. सापडलं नाही. मग मॅनेजरकडून माइकवर पुकारा करवला. आधी अरबीत, मग इंग्रजीत, मग कोणाच्या सोयीसाठी कोण जाणे, मल्याळममध्ये. त्यात साडूभाऊंचं नाव असं काही वेडंवाकडं झालं होतं की ते स्वतःच मान उंच करून बघू लागले आणि मला म्हणाले, कोणाचं तरी काही हरवलेलं दिसते बिचाऱ्याचं.

बऱ्याच वेळाने दाराशी एक म्हातारे बहरीनी गृहस्थ दिसले. अंगात पायघोळ, पांढरा स्वच्छ तोब, चष्मा, आणि पुढे आमची ट्रॉली. बरोबर एक तरुण बाई होती, बहुधा सून, आणि ती तोंडावर हात धरून हसू दाबत होती. म्हाताऱ्यांनी काउंटरवर न बघताच सगळं आपलं म्हणून घेतलं होतं आणि गाडीत भरताना सुनेच्या लक्षात आलं की घरात नातू जन्माला आलाय आणि सासरे तूरडाळ, पोहे आणि मिरचीचं लोणचं घेऊन चालले आहेत. तरुणपणी ते व्यापारासाठी मुंबईला जाऊन येऊन असत, त्यामुळे हिंदी चांगलं बोलत. त्यांनी साडूभाऊंचा हात दोन्ही हातांत धरला. दोन्ही बिलांचा हिशेब मिटला, तरी दोघेही एकमेकांची माफी मागत राहिले आणि चूक नक्की कोणाची, हे काही त्यांचं ठरेना.

मग म्हाताऱ्यांनी खाकी लिफाफा काढला. कोणाचा आहे हे बघायला तो उघडावा लागला, असं त्यांनी संकोचून सांगितलं. पासपोर्टवरचा फोटो आणि साडूभाऊंचा चेहरा त्यांनी एकदा ताडून पाहिला. मग मला धाकटा भाऊ समजून बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ये वापस नहीं आएगा? टिकट तो एक ही तरफ़ का है।"

मी तिकीट हातात घेतलं. मुंबईपर्यंतचं. परतीचं पान नव्हतं. काहीतरी चुकलं असेल म्हणून मी पासपोर्ट उघडला, तर व्हिसावर रद्द झाल्याचा शिक्का. साडूभाऊ पाठमोरे उभे राहून दुधाचे डबे त्या सुनेच्या हाती एकेक देत होते. शेवटचा डबा दिल्यावर ते वळले आणि माझ्या हातातलं तिकीट त्यांनी पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "खलास झालं."

म्हाताऱ्यांना मराठी येत नव्हतं, पण 'खलास' हा अरबी शब्द त्यांचाच होता. त्यांनी आपल्या सामानातलं वेलचीचं पाकीट काढून साडूभाऊंच्या पिशवीत ठेवलं, छातीवर हात ठेवला आणि निघून गेले.

गाडीत बसल्यावर साडूभाऊंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. कंपनीचं देखभालीचं कंत्राट दुसऱ्या कोणाला गेलं होतं. जुन्यांपैकी चौघांना काढलं, त्यात हे पहिले. दोन महिन्यांपासून त्यांना ठाऊक होतं. दोन महिने दर गुरुवारी ते हसतमुखाने येत होते. मी विचारलं, ताईंना कळवलंय का? त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "तिले सांगाचं हाय का नौकरी म्याच सोडली. तुह्या बायकोलेबी तेच सांगजो, पण म्या पोचल्यावर. काढून टाकलेला माणूस घरी येणं येगळं, अन् सोडून आलेला येगळं." मी हो म्हटलं. ते बरोबर करत होते की चूक, हे मला कळत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर रडावं की त्यांना धीर द्यावा हेही कळत नव्हतं. आमचं घर केव्हाच मागे पडलं होतं आणि गाडी रिफाच्या रस्त्याला लागली होती, हे दोघांच्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

शनिवारी विमानतळावर माझी बायको त्यांना म्हणाली, भाऊजी, दोन महिन्यांनी येताना ताईच्या हातचे पापड आणा. ते इंशाल्ला म्हणाले. माझ्या मुलीने इंग्रजीत 'लवकर परत या' म्हटलं, तेव्हा ते वाकून तिच्या वेणीची रिबीन नीट करू लागले. ती आधीच नीट होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पुढे दोन वर्षांनी सुट्टीत आम्ही अकोल्याला गेलो. साडूभाऊंनी घराच्या पुढच्या खोलीत फ्रिज-कूलर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं आणि ते बरं चाललं होतं. ताई पूर्वीसारख्याच मोकळ्या होत्या. संध्याकाळी ताई, साडूभाऊ आणि मी भाजी घ्यायला निघालो. साडूभाऊ दहा पावलं पुढे, एका गाड्यापाशी वांगी निवडत थांबले होते. तेवढ्यात ताईंनी आवाज खाली केला.

"एक विचारू का? खरं सांगजा. नोकरी यायनं खरंच सोडली होती ना?"

मी म्हटलं, "हो. मी किती सांगितलं, एवढ्यात सोडू नका. ऐकलं नाही त्यांनी."

साडूभाऊंनी हातातलं वांगं उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, त्यांच्या पाठीवरून मला काही समजेना.

"मीबी तेच समजत होती," ताई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला. "लेकरायची आठवण येत असन त्यायले तिथं. फार येत होती का?"

"फार," मी म्हटलं. त्या संध्याकाळी मी ताईंना जे काही सांगितलं, त्यात एवढं एक खरं होतं.