कडुलिंबाखालचं निर्माल्य

‘मला बाई प्रचिती आली’ असं कुणी डोळे मिटून सांगायला लागलं की मी पूर्वी हळूच स्वयंपाकघरात सटकायची. देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण देवाला एवढी फुरसत असेल असं वाटायचं नाही. त्यात आमच्या ह्यांच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्यात, बायपास करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि माझं नि देवाचं सरळ भांडणच झालं. इतकी वर्षं उपास केले ते काय हौस म्हणून, असं मी देवघरासमोर बसून मोठ्यानं विचारलं. उत्तर कुठलं यायला! दिवा मात्र रोज लावत होते, हाताला सवयच होती.

आम्ही कतारला, दोहातल्या अल मुंतझा भागात राहतो. हे रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर. वर्ल्ड कपची तयारी जोरात होती, सगळं शहर खणून ठेवलेलं. इथला हिवाळा म्हणजे सुख. पहाटे धुकं, अंगाला स्वेटर हवाहवासा, दुभाजकांवर पेटुनियाची फुलं. ह्यांनी पन्नाशीत मला सायकल घ्यायला लावली आणि दर शुक्रवारी सकाळी आम्ही दोहा बघायला निघायचो. हे पुढे, मी मागे. गेल्या शुक्रवारचा रस्ता या शुक्रवारी जागेवर नसायचा. हे तर स्वतःच आखलेल्या डायव्हर्जनमध्ये चुकायचे आणि मी म्हणायची, ‘‘चला साहेब, विचारा आता कुणाला तरी!’’ हसून हसून पुरेवाट व्हायची. त्या हिवाळ्यात मात्र दोन्ही सायकली बाल्कनीत उभ्या होत्या.

ऑपरेशन दुपारनंतर होतं. हे आदल्या दिवशीच ॲडमिट झाले होते. मी सकाळी लवकर आंघोळ करून दिवा लावायला बसले आणि बघते तर अन्नपूर्णा जागेवर नाही. बोटाच्या पेराएवढी पितळी मूर्ती. लग्नात गौरीहर पुजताना आईनं माझ्या हातात दिलेली. आई गेली, माहेर आटोपलं, तिच्या हातचं म्हणून एवढंच उरलं होतं. देवघर हलवलं, पाट उचलला, कपाटाखाली हात घातला. मग आठवलं. काल दवाखान्याच्या घाईत शेवंतीची सुकलेली फुलं ओंजळीनं उचलून पिशवीत भरली होती. निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात धजत नाही, म्हणून ते मी कोपऱ्यावरच्या दुभाजकावर एका कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवते. त्या फुलांतच ती गेली असणार. हरवायला हाच दिवस सापडला? ती गेली, आता हेही जाणार, असं मनानं घेतलं ते घेतलंच.

मी तशीच सायकल काढून कोपऱ्यावर गेले, तर कडुलिंबच नाही! बुंध्याच्या जागी मोठा खड्डा आणि भोवती लाल-पांढरे बॅरिअर. तिथला फोरमन म्हणाला, ‘‘ट्री शिफ्टेड, मॅडम. खलास.’’ झाडं मुळं-मातीसकट उचलून नजमा भागाच्या पलीकडच्या नव्या रस्त्यावर लावायला नेली होती. मातीबरोबर तीही गेली असेल, या आशेवर मी पॅडल मारत सुटले. समोर धुकं, एक रस्ता बंद, दुसरा वळवलेला. इतके शुक्रवार मी फिरले खरी, पण ह्यांच्या मागच्या चाकाकडे बघत. रस्ता असा मला एकही ठाऊक नव्हता. शेवटी कुठल्याशा कुंपणापाशी चेन उतरली. फोन काढावा म्हटलं तर तो घरीच चार्जिंगला राहिलेला. मी फुटपाथवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

फुलझाडांचे ट्रे भरलेला एक पिकअप पुढे जाऊन मागे आला. ड्रायव्हर बांगलादेशी, चाळिशीचा. उतरला आणि काही न विचारता चेन बसवायला लागला. मीच रडत-रडत सगळं सांगून टाकलं, मूर्ती, झाड, ऑपरेशन. त्यानं हात पुसले. मला वाटलं, आता झाडं कुठं नेली ते सांगेल. तो म्हणाला, ‘‘दीदी, साहब हॉस्पिटल में अकेला है?’’

‘‘हां,’’ मी म्हटलं.

‘‘तो आप इधर क्या करता है?’’ आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

ह्यांचा नंबर तेवढा मला पाठ. पहिल्याच रिंगला आवाज आला, ‘‘अगं, आहेस कुठे? कधीपासून फोन करतोय! माझ्या आधीच्या पेशंटचं ऑपरेशन रद्द झालंय, मला आत्ताच नेतायत.’’

त्या भल्या माणसानं फुलांचे ट्रे सरकवून सायकल मागे टाकली, ‘‘यल्ला, चलो दीदी,’’ म्हणाला आणि धुक्यातून बरोबर वाट काढली. मी धावत वर पोचले तेव्हा स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी होतं. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात गार पडला होता. इतका घाबरलेला माणूस मी एकटा सोडला होता. म्हणाले, ‘‘आलीस! बरं झालं. आता ते हेल्मेट काढ.’’

दार बंद झालं. बाहेर बसले तर काय मागावं तेच सुचेना. हातात मूर्ती नाही, पोथी नाही, जपमाळ नाही. पहिल्यांदाच मी देवाला म्हटलं, बाबा रे, माझी अक्कल संपली, आता तुझं तू बघ. आणि खरं सांगते, त्यानंतर मन शांत झालं. काय व्हायचं ते कळलं नव्हतं, तरीही. खाली गेले तेव्हा सायकल गेटशी नीट लावलेली होती आणि तो पिकअपवाला चहासुद्धा न घेता निघून गेला होता.

हे सुखरूप घरी आले. अन्नपूर्णा सापडली नाही. त्या माणसाचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये आला होता, त्यावरून त्याला एका शुक्रवारी जेवायला बोलावलं. रफीक त्याचं नाव. त्या सकाळी देवघरात बसले. अन्नपूर्णा ज्या वाटीत तांदळावर बसायची ती वाटी तशीच होती, मधोमध तिच्या बैठकीचा खळगा. ते तांदूळ मी कुकरमध्ये घातले.

नमाज पढून रफीक आला. इस्त्रीचा शर्ट, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला. चमचा बाजूला ठेवून हातानं वरण-भात कालवायला लागला, तसा सैलावला. ह्यांनी मला विचारलं, ‘‘नाशिकहून नवीन मूर्ती मागवू या का?’’ मी उत्तर देणार तोच रफीकनं मान वर न करता ताट पुढे केलं, ‘‘दीदी, और थोड़ा भात.’’

मला एकदम भरून आलं. ‘‘नको,’’ मी ह्यांना म्हटलं आणि रफीकच्या ताटात भात वाढला.